झाकून ठेवलेलं दुखणं

सकाळी दहा वाजले, की ओझरच्या त्या घरात मालिशीचं तेल कोमट व्हायला ठेवलं जायचं. संजनाच्या बाळंतपणाला आज एकोणीस दिवस झाले होते. सव्वा महिना खाटेवरून फारसं उतरायचं नाही, पाणीही बेतानंच प्यायचं, हा सासूबाईंचा, लंकाबाईंचा दंडक. संजना बी.एस्सी. झालेली, पण वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

त्यात तिचं स्वतःचं एक गुपित होतं. कॉलेजात असताना तिला ल्युपस निघाला होता. अंगाचं रक्षण करणारी शक्तीच या आजारात अंगावर उलटते, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, बाळंतपणानंतर तर फारच. म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे रोज पोटात एक इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. पण हा आजार लपवूनच तिचं लग्न लावलेलं. तिची आई सविता दवाखान्यातून निघताना आजाराचं नाव लिहिलेला कागद पर्समध्ये घालून गेली. धाकट्या बहिणीचं, वैष्णवीचं, लग्न जमेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथच तिने घातली होती. नवऱ्याला, शेखरला, इंजेक्शनं रक्तवाढीची म्हणून सांगितली. खोलीत सासूबाई सतत असायच्या; पाहिलं तर खोदून विचारतील, ही धास्ती. चोरून टोचून घेणं जमेना. गेले सहा दिवस एकही घेतलं नव्हतं.

आज डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती, गरम लागत होती.

"वारं लागलंय, दुसरं काय," लंकाबाई म्हणाल्या. "पंखा लावून झोपती ना. कुसाबाई, जोर लावून चोळ जरा."

मालिशवाल्या कुसाबाईने तेल हातावर घेतलं. "लय बाया उभ्या केल्या या हातानं. घाबरू नको, पोरी."

एकच पाय सुजला तर चोळायचा नाही, तडक यायचं, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. संजनाने शेजारी झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. एकोणीस दिवस ती तिचा श्वास बघत जागली होती. स्वतःचा कधी थांबेल, हा विचारच केला नव्हता.

तिने कुसाबाईचं मनगट धरलं आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"हात लावू नका. यात रक्ताची गुठळी असेल, सुटली तर फुप्फुसात जाईल. मला ल्युपस आहे, आई. लग्नाच्या आधीपासून."

कुसाबाईने तेलाचे हात फडक्याला पुसले. शेखर कारखान्यातून धावत आला. दवाखान्यात जाताना द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी अर्धा तास अडकली. सोनोग्राफीत गुठळी मांडीपर्यंत चढलेली दिसली. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

लंकाबाई नातीला घेऊन कॉटशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं, तर सून करून घेतली नसती मी तुला."

"म्हणूनच नाही सांगितलं."

लंकाबाईंनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

संध्याकाळी सविताचा फोन आला. रविवारी वैष्णवीला बघायला पाहुणे येणार होते. तिला काहीच आजार नाही, पण तुझं कळलं तर घर बदनाम होईल, पोरगी घरात राहील, असं ती रडत सांगत होती.

संजनाने सगळं ऐकून घेतलं. सासूबाई समोरच होत्या. तिने आवाज खाली आणला नाही.

"मम्मी, त्यांना आधी सांग. माझं नाव घेऊन सांग. ऐकूनही जे येतील, त्यांच्यापुढेच वैष्णवीला बसव."