हिरव्या कोंबांचा गुन्हा

तापीच्या पुरात जसोदाबाईची केळीची बाग आडवी झाली, विहिरीवरचं इंजिन वाहून गेलं. नव्या इंजिनासाठी सरकारी मदतीचीच आशा होती. तरी पाणी ओसरताच तिने मोडकी खोडं बुडाशी कापली. महिन्याने साहेब पंचनाम्याला आले, तेव्हा कोंब गुडघाभर झाले होते.

“बाग तर हिरवीगार! नुकसान कुठंय?” म्हणत त्यांनी तिचं नाव खोडलं. शेजारच्या चुनीलालने काडीही उचलली नव्हती. त्याच्या सडक्या केळीसमोर साहेबांनी नाकाला रुमाल लावून मदत मंजूर केली.

उन्हाळ्यात जसोदाबाईचे निम्मे कोंब पाण्यावाचून वाळले.

पुढच्या पुरानंतर साहेब आले, तर गावभर केळी सडत पडलेली, जसोदाबाईची उरलेलीही.

“कोणीच साफसफाई केली नाही?” साहेब ओरडले.

“तुम्हीनच शिकाडं ना, साहेब,” बांधावर बसलेली जसोदाबाई म्हणाली. “आते मन्हं नाव लिखी ल्या.”