द्वारकाबाईंचा दाब आणि माझा आकडा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारं एक जुनं यंत्र आहे. माझ्या पट्ट्याची पकड आता सैल झाली आहे आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. कारखान्यातून बाहेर पडताना माझ्यावर 'बरोबर' असा शिक्का बसला होता. त्या एका शब्दाचा मला फार गर्व होता.

युवराजनं मला धाराशिवच्या औषधाच्या दुकानातून अणदूरला आणलं. त्याच्या आईला, द्वारकाबाईंना, रक्तदाब निघाला होता. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी दिली होती. मला दंडाला बांधायचं काम सुनेकडं, म्हणजे अर्पिताकडं आलं. पहिल्याच दिवशी द्वारकाबाई कडाडल्या, "काढ ते! सापावानी आवळतंय." त्या घरात माझं एवढंच स्वागत झालं.

द्वारकाबाई दिवसाला आठ-नऊ कप चहा प्यायच्या, तोही उकळून काळा केलेला. अर्पिताला चहाची भीती होती. तिच्या वडिलांनाही रक्तदाब होता. ते चहाच्या हॉटेलातच हातातल्या कपासकट कोसळले आणि परत उठले नाहीत. तेव्हापासून चहा हाच वैरी, असं तिनं मनाशी धरलं होतं. द्वारकाबाईंनी कप खाली ठेवला की ती लगेच मला बांधायची. मी एकशे अडुसष्ट दाखवायचो.

"बघा आत्याबाई! घ्या अजून चहा!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणायची, की ते पार गल्लीत ऐकू जायचं. खरं सांगतो, सुरुवातीला मला तो मान वाटायचा. माझा आकडा म्हणजे जणू कोर्टाचा निकालच!

एके दिवशी अर्पितानं चहापत्तीचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. चहा एकदम तुटल्यामुळं द्वारकाबाईंचं डोकं तीन दिवस ठणकत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुजा बाप चहानं मेला, त्याचा सूड माज्यावर काढतीस व्हय गं?"

"चहानं न्हाय, कुणाचं न ऐकल्यानं गेले ते!" अर्पिता म्हणाली. "तुमी बी त्याच वाटंनं निघालाव."

"मग जाऊ दे की मला!" असं म्हणत द्वारकाबाईंनी मला उचलून भिंतीवर आपटलं. कोपऱ्याचा टवका तेव्हाच उडाला. युवराज दारात उभा होता. तो पायात चपला घालून बाहेर निघून गेला. आई आणि बायको यांच्या मधे तो कधीच पडला नाही.

त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी बोलणं टाकलं आणि कुणाला न सांगता गोळीही टाकली. अर्पिता गोळी हातावर ठेवायची, त्या ती गालात धरायच्या आणि मोरीत जाऊन थुंकायच्या. आता माझा आकडा सकाळी उठल्या उठल्याच वर दिसू लागला. एकशे ऐंशी, मग एकशे ब्याण्णव.

"कुणाच्या घरी जाऊन चहा पिलाव?" अर्पिता विचारायची. द्वारकाबाई भिंतीकडं बघत राहायच्या. मित्रांनो, आकडा बरोबर होता, पण त्याचा अर्थ चुकत होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

एका सकाळी अर्पिता मला बांधत असताना द्वारकाबाईंचा डावा हात मांडीवरून घसरून खाली पडला. त्यांचं तोंड वाकडं झालं. अर्पितानं आरडाओरडा करून शेजारची जीप बोलावली, सासूला अक्षरशः कवेत घेऊन आत बसवलं आणि मला पिशवीत टाकलं. धाराशिवच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती एकच वाक्य बोलत होती, "आत्याबाई, डोळं मिटू नका."

तिसऱ्या दिवशी धोका टळल्यावर अर्पितानं डॉक्टरबाईंना चहा, भांडणं आणि कप ठेवल्याबरोबर मोजलेले आकडे असं सगळं सांगितलं आणि विचारलं, "चहानंच झालं ना हे?"

"गोळ्या चालू होत्या?" डॉक्टरबाईंनी उलट विचारलं.

"रोज माझ्या हातानं देत होते."

खाटेवरून जड जिभेनं शब्द आले, "थुकल्या म्या."

डॉक्टरबाई दोघींवरही रागावल्या. "चहा-कॉफीत कॅफीन असतं. त्यानं दाब थोडा वर जातो आणि दोन-चार तासांत उतरतो. सगळ्यांचा सारखा चढत नाही, रोज पिणाऱ्याचा कमीच चढतो. दाब फार वाढलेला असेल तर चहा-कॉफी बेतानंच घ्यायची. पण औषध थुंकून टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि तुम्ही हो, कप खाली ठेवल्या ठेवल्या दाब बघता, वर भांडता, मग आकडा खरा कसा येईल? आधी अर्धा तास चहा नाही. मग पाच मिनिटं शांत बसायचं. बोलायचं नाही."

द्वारकाबाई घरी आल्या. डाव्या हाताची पकड काही परत आली नाही. आता त्यांना दिवसाला दोन कप फिका चहा मिळतो आणि गोळी अर्पितासमोर पाण्याबरोबर गिळावी लागते. भांडण मिटलं असं कुणी समजू नका. चहा पांचट झाला म्हणून रोज एकदा आवाज चढतोच.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या आजारी माणसाचा आकडा त्याच्या तोंडावर फेकू नका. आकडा वर गेला तर आधी त्याच्याजवळ बसा आणि काय झालं ते विचारा.

काल संध्याकाळी अर्पितानं मला द्वारकाबाईंच्या उजव्या दंडाला बांधलं. दोघी ओसरीवर बसल्या. बोलायचं नाही, असा डॉक्टरबाईंचा हुकूम. अर्पितानं सासूचा अधू डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ती तो हळूहळू चोळू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझं बटण काही कुणी दाबलं नाही.

"दाब की गं," शेवटी द्वारकाबाई खेकसल्या. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.