आरशाशिवाय गाडी

बाईंनी खोक्याची चिकटपट्टी नखानं सोलली, झाकण उचलून आत एकदा पाहिलं आणि खोकं पुन्हा मिटून समोर बसलेल्या कंडक्टरांकडे सरकवलं.

"चाक आहे, बाई," कंडक्टर म्हणाले. "खाली पायाचे ब्रेकसुद्धा आहेत. अगदी खऱ्यासारखे."

"चाक कळलं मला. आरसे कुठायत?"

कंडक्टरांनी शेजारी बसलेल्या फोरमनकडे पाहिलं. फोरमन छताकडे पाहायला लागले. साऱ्या बस डेपोनं वर्गणी काढून घेतलेली भेट, सुट्टीचा दिवस मोडून दोघं ती घेऊन आलेले, आणि ही बाई आरसे मागते! चहा तसाच निवत राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या की मनाला लावून घेऊ नका, पण बिल असेल तर तेही द्या, हे मी बदलून घेणार आहे.

बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन थांबलं. त्या मशीनवर बाईंचे यजमान बसायचे. गल्लीत त्यांना सगळे टेलरच म्हणत, त्यांची मुलगीसुद्धा लाडात आली की टेलर म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. पाहुणे गेले तसे टेलर आत आले. दिलेली वस्तू परत करतात का कुणी, लोक काय म्हणतील, उद्या डेपोत कुठल्या तोंडानं जाशील, असं सगळं त्यांनी एका दमात विचारून घेतलं.

"याच तोंडानं," बाई म्हणाल्या आणि कपबशा उचलायला लागल्या.

डेपोत तर त्यांना रोज जायचंच होतं. फक्त आता चाकावर नाही, चौकशीच्या खिडकीत. डेपोतली पहिली आणि कितीतरी वर्षं एकटीच बाई ड्रायव्हर, त्यामुळे त्यांना नावाची गरज कधी पडलीच नव्हती. बाईंची गाडी म्हटलं की प्रवाशांनाही कळे. मग एका सकाळी ओट्याशी उभ्या असताना त्यांना फीट आली. डोळे उघडले ते दवाखान्यात. मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं. जे झालं ते त्यांनी फक्त डॉक्टरांच्या कागदावर वाचलं. गोळ्या सुरू झाल्या, फीट पुन्हा आली नाही, पण लायसन्स गेलं ते गेलंच. नियम बरोबर आहे हे बाईंनाही कळत होतं. तरी त्या साहेबांशी भांडल्या, डॉक्टरांशी भांडल्या, आणि मग खिडकीत बसून कुठली गाडी कुठं लागेल ते सांगायला लागल्या.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. गेल्या खेपेला आली तेव्हा तिनं त्यात बस चालवायचा खेळ घालून दिला. आईचा जीव रमेल, एवढीच तिची समजूत. बाई खुर्चीत बसल्या, बस डेपोच्या फाटकापर्यंत आणली आणि तिथंच उभी केली. दोन्ही बाजूंचे आरसे करडे होते, नुसत्या कोऱ्या पाट्या! लगेच फोन लावला. मुलगी म्हणाली, अगं आई, आरशातला रस्ता कॉम्प्युटरला वेगळा काढायला लागतो, त्या म्हाताऱ्याला ते झेपत नाही, म्हणून मीच बंद केलेत. बाईंनी ते चालू करून घेतले. तशी बस बेडकासारखी उड्या मारत निघाली, आणि लांब दिसणारी सायकल पुढच्या उडीला बसच्या नाकाशी आली. बाईंनी ब्रेक मारला.

तेव्हापासून त्या संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसत, पण बस डेपोच्या आवारातच फिरवत. पुढे घ्यायची, मागे घ्यायची, खांबाला लावायची. फाटकाबाहेर एकदाही काढली नाही. कंडक्टर एकदा घरी आले होते, त्यांनी हे पाहिलं. बिचाऱ्या बाईंना हातात चाक नाही म्हणून बाहेर पडवत नाही, असा त्यांनी ग्रह करून घेतला. त्यातून खेळाला जोडायच्या चाकासाठी ती वर्गणी निघाली.

आता चाकाचे पैसे परत मिळणार म्हटल्यावर मुलीनं फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड नवं घे. ते घेतलंस तर त्याला वीज पुरवणारा डबा मोठा लागेल. तो जुन्या पेटीत मावणार नाही, म्हणजे पेटी बदल. आणि एवढं करतेच आहेस तर मेमरीही वाढव. नाकापेक्षा मोती जड, ते असं. चाकाच्या पैशांत यातलं निम्मंही बसत नव्हतं, आणि घरातून एक पैसा घालायचा नाही हे बाईंनी पक्कं ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, थोडे मी पाठवते.

"पाठवलेस तर परत पाठवीन," बाई म्हणाल्या. "माझी गाडी आहे, मी बघते."

टेलरांच्या तक्रारी मात्र रोज नव्या. वीज किती जळेल. खोली तापेल. मान धरेल. डोळे जातील. आता डोळ्यांचं आणि डोक्याचं म्हणाल तर बाईंनी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. दिव्याची उघडझाप करून केलेली तपासणी साफ होती. अधूनमधून उठा, झोप मोडू नका, बाकी खुशाल खेळा, असं ते म्हणाले होते. हे टेलरांना त्यांनी दोनदा सांगितलं. टेलर दुसऱ्या दिवशी पुन्हा विजेचं बिल काढून बसले. मी गाडी सोडली याचं या माणसाला सुखच झालंय, असं बाईंच्या मनात आलं. असलं काही मनात आलेलं त्यांना आवडलं नाही, पण ते गेलंही नाही.

डेपोत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? बाईंना म्हणे आपली भेट पसंत पडली नाही, असं झालं. कंडक्टर तर खिडकीपुढून मान खाली घालून जायला लागले. एका दुपारी बाईंनी त्यांना हाक मारून थांबवलं.

"चाक कोणीही फिरवतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतकी वर्षं दारात उभं राहून घंटी मारलीत, ती कशाच्या भरवशावर? मला चाक धरता येतं म्हणून, की मला मागचं दिसतं म्हणून?"

संध्याकाळी कंडक्टर चाकाचं बिल खिडकीत ठेवून गेले.

कॉम्प्युटरची पेटी मांडीवर घेऊन बाई बसनं दुकानात गेल्या. दुकानदार गळ्यात चष्मा लटकवलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. सोललेली पट्टी पाहून त्यानं नाक मुरडलं, तरी चाक ठेवून घेतलं. मग पेटी उघडून आत पाहिलं आणि दुकानदारासारखं न बोलता माणसासारखं बोलला.

"मावशी, फुकटातला उपाय सांगू? आरसे बंदच ठेवा. सगळे तेच करतात. खेळताना मागे बघतो कोण?"

"मी."

"अहो, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या पैशात हे एवढंसं कार्ड येतं. जुनं आहे, वापरलेलं आहे. आहे त्या विजेवर चालेल, डबा बदलायला नको, पण सगळं जग ओढायची त्याची ताकद नाही."

बाईंनी त्याला ते एवढंसं कार्ड बसवायला लावलं आणि स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसल्या. यातलं काय काय काढून टाकता येतं, ते दाखवा म्हणाल्या. दुकानदारानं यादी उघडली. ढग? काढा. सावल्या? काढा. गवत? बसला गवत चरायचं नाही, काढा. लांबचे डोंगर, दुकानांच्या काचांवरची चमक, पाण्यातली प्रतिबिंबं, सगळं काढा. पाऊस ठेवा, पण थोडा, वायपर फिरवायला निमित्त हवं. दुकानदाराला आता गंमत वाटायला लागली होती. त्याचं एरवीचं गिऱ्हाईक गवताचं पातं न् पातं दिसावं म्हणून पैसे टाकायचं, आणि ही बाई वांगं सोलावं तसं जग सोलत बसली होती.

"माणसं कमी करू का थोडी?" त्यानं विचारलं.

"माणूस एकही कमी करायचा नाही. सगळ्यांचे कपडे एका रंगाचे असले तरी चालतील."

शेवटी उरलं ते असं: रस्ता, रस्त्यावरच्या गाड्या, माणसं, सिग्नल आणि तीन आरसे. बस निघाली. उडी नाही, धक्का नाही. डावा आरसा जरा वर होता, बाईंनी तो खाली घेतला, तेव्हा त्यात मागचं चाक फुटपाथच्या कडेनं सरळ येताना दिसलं. बाईंचा हात तोंडाशी गेला. दुकानदार कौतुकानं काही म्हणायच्या आत त्या उठल्या आणि पैसे मोजून दिले. चहापुरते उरले, तेवढ्याचा त्यांनी खरोखरच चहा प्यायला.

रविवारी सकाळी घरातली कामं आटोपून बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. बाहेर टेलर कापड कापत होते. बाईंनी खुर्ची ओढली आणि कात्रीचा आवाज बंद पडला. त्या बसल्या की हे असंच व्हायचं. कधी मशीन थांबायचं, कधी कात्री. रुसलेत, बाई मनात म्हणाल्या. रुसू देत.

फाटकातून बस बाहेर काढली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आरशात पाहिलं आणि मोठ्या रस्त्याला लावली. झाडांना पानं नव्हती, आकाश धुतलेल्या पाटीसारखं होतं, आणि सगळे प्रवासी एकाच निळ्या शर्टात होते. पण मागून एक टेम्पो आला, आरशात मोठा होत गेला, बाजूनं निघाला आणि पुढे गेला. एक सायकलवाला बराच वेळ डाव्या आरशात राहिला. बाईंनी त्याला जागा दिली. त्यांना आनंद झाला, साधा, पोटभर आनंद. कोण म्हणतं गाडी सुटली? स्टॉप आला की त्या बस अगदी कडेला लावत, दार उघडत, शेवटचं माणूस चढेपर्यंत थांबत. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं!

पुढे बोगदा लागला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत मागची खोली दिसली. खिडकी दिसली, कपाट दिसलं, आणि खुर्चीच्या अगदी मागे उभे असलेले टेलर दिसले. पायात चप्पल नव्हती. काखेत उशी दाबलेली होती. दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले, चालायला शिकणाऱ्या पोरामागे धरतात तसे. ते पडद्याकडे पाहतच नव्हते. ते बाईंच्या मानेकडे पाहत होते, आणि त्यांचं ते तोंड बाईंनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

ओट्याशी घडलेलं ते सगळं बाईंना आठवत नव्हतं, पण टेलर तेव्हा घरात होते. म्हणजे आवारात बस फिरवत होत्या त्या सगळ्या संध्याकाळी हा माणूस असाच मागे उभा होता. बोगदा संपला, पडद्यावर ऊन आलं आणि टेलर दिसेनासे झाले.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पुढचा स्टॉप आला तशी त्यांनी बस कडेला घेतली आणि दार उघडलं. चढणारे चढले. दार तसंच उघडं ठेवून त्या म्हणाल्या,

"उभ्यानं मी कुणाला नेत नाही. बसून घ्या."



"मी आपला सहज आलो होतो," टेलर म्हणाले.

"उशी घेऊन?"

"तुला काय गं, तुला काही आठवतच नाही." टेलरांचा आवाज बसला होता. "तुझं मस्त आहे. मला रोज दिसतं ते. डोळे मिटले की दिसतं. बंद कर ना हे."

बाईंनी कीबोर्डवरची बोटं उचलली नाहीत.

"बंद करणार नाही," त्या म्हणाल्या. "मला व्हायचं असेल तर ते अंथरुणातही होईल. आणि मागून तुम्हाला माझी मान दिसते फक्त. माझं तोंड बघायचं असेल तर शेजारी बसायला लागेल. स्टूल आणा. तुम्ही बसल्याशिवाय गाडी हलणार नाही, एवढी माणसं खोळंबलीत."

टेलर गेले. बाहेर काही तरी पडल्याचा आवाज आला. मग ते मशीनपुढचं स्टूल घेऊन आले, बाईंच्या डाव्या बाजूला ठेवलं, उशीचं काय करावं हे न सुचून ती स्टुलावर टाकली आणि तिच्यावर बसले. गुडघे टेबलाला लागत होते. पहिल्यांदा त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, कापडाचा पोत बघतात तसं. मग पडद्याकडे पाहिलं.

बाईंनी दार लावलं, इंडिकेटर दिला.

"थांब," टेलर एकदम म्हणाले आणि त्यांनी आरशावर बोट ठेवलं. "मागून ट्रक येतोय."

बाईंनी तो केव्हाच पाहिला होता. तरी त्या थांबल्या, आणि ट्रक गेल्यावर त्यांनी विचारलं,

"आता निघू?"