पुरेल एवढं किटण

विशाखानं आरशाच्या दांडीनं वडिलांचा खालचा ओठ हलकेच बाहेर सारला आणि खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडात घेतला.

शाळेच्या लाकडी खुर्चीला मागून उशी बांधली होती. देवरावांनी उशीवर डोकं टेकवलं होतं, पण मान मात्र फोटो काढायला बसल्यासारखी ताठ. धुतलेलं धोतर, दाढी केलेली, केसांना तेल. पोंभुर्ण्याच्या या शिबिराला ते सकाळीच दोन कोस चालत आले होते.

"मान सोडा, बाबा."

"सोडलीच आहे."

"नाई सोडली. झोपल्यावानी करा."

"डाक्टरीन बाईपुढं कोन झोपते?"

"मी डाक्टर नाई. दात साफ करनारी."

"तेच ते," देवराव म्हणाले आणि आ वासला.

नागपूरच्या कॉलेजात दात साफ करण्याचं शिक्षण घेणाऱ्या बारा मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा या खेपेला शिबिरातच होती. पेशंट जिचा तिनं आणायचा, आणि त्याच्या दातांवर किटण भरपूर हवं, असा नियम. मागच्या खेपेला विशाखानं आणलेल्या बाईच्या दातांवर खरवडण्याजोगं काही नव्हतंच. ती नापास झाली. पुन्हा तसं झालं तर गडचिरोली या नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यातली नोकरी दुसरीला जाणार होती.

आरशात खालच्या पुढच्या सहा दातांमागं किटणाची पिवळी, सलग भिंत दिसली. दातांमधल्या फटीसुद्धा बुजल्या होत्या. विशाखाचे खांदे सैल झाले. मग ते वडिलांना दिसलं की काय, म्हणून तिनं उगाच ट्रेमधली हत्यारं सारखी केली.

कार्डावर पहिला प्रश्न होता. तो विचारावाच लागे.

"रोज दात घासता?"

"लिव ना काही बी."

"काही बी कसं लिवू? हप्ताभर लोकाईले शिकवून राह्यली मी, अन् माह्याच बापाचे दात पाहा. लाज वाटत नाई?"

देवरावांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू होतं. त्याचा तिला रागच आला. 'नाही' असं लिहून तिनं कार्ड बाजूला ठेवलं.

अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची, मगच हत्यार चालवायचं. बोटाला आधार नसेल तर टोक घसरतं आणि हिरडी फाटते. दोन वर्षं ती हेच शिकली होती. तिनं बोट टेकवलं, टोक किटणाच्या खाली नेलं आणि वर ओढलं. खपली निघाली. दुसरी निघाली. वडिलांच्या तोंडाला इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. आत एका दाढेची जागा मोकळी होती. ती दाढ कधी गेली, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मधल्या दातांपाशी आल्यावर टेकलेल्या अनामिकेखाली काहीतरी हललं. तिनं हात थांबवला. पुन्हा टेकवला. दात हलत होता. त्याच्या शेजारचाही.

देवरावांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? काही नाही, अशी तिनं मान हलवली आणि जास्त हळू हातानं उरलेलं काढत गेली. तासाभरानं सगळे दात सुटे सुटे दिसू लागले.

परीक्षा घेणारे सर आले. बारीक सळईनं प्रत्येक दात तपासत त्यांनी कार्डावर आकडा लिहिला.

"छान काम. आणि पेशंटही उत्तम. कुठून शोधलास?"

"माझे वडील आहेत, सर."

सरांनी चष्मा काढला. देवराव चूळ भरायला व्हरांड्यात जाईपर्यंत ते थांबले.

"खालचे मधले दोन फार दिवस राहायचे नाहीत. किटणानंच धरून ठेवले होते. सांग त्यांना. समजावून सांग."

व्हरांड्यात देवराव मिठाच्या पाण्यानं चूळ भरत होते. पाणी लालसर येत होतं. तिला बघताच त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"पास?"

"पास."

"मंग पुरलं म्हनाचं."

"काय पुरलं?"

"किटन." त्यांनी जिभेनं दातांमागं चाचपलं. "दिवाळीच्या पत्रात तूच लिवलं नाई का, भरपूर पाह्यजे म्हनून. तवापासून निंबाचं दातून तोंडाले लावलं नाई मी. तुही माय जवळ बसून जेवत नव्हती. म्हने, बुढा सडला. मी म्हनलं, पोरीच्या परीक्षेचं आहे, हात नाई लावाचा. कमी तं नाई ना पडलं?"

विशाखा पायरीवर बसली. तोंडाशी आलेलं सरांचं वाक्य तिनं परत गिळलं.

"नाई," ती म्हणाली. "पुरलं."

"मंग आता लावू दातून?"

"लावा. पन हलक्या हातानं."

"किती हलक्या?"

तिनं त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. बांबू तोडून तळवा कातड्यासारखा झाला होता. तो पालथा करून तिनं त्यावर बोट गोल गोल फिरवलं.

"एवढं."

"हे तं काहीच नाई."

"एवढंच. अन् मधल्या दोघाईवर याहून हलकं."

"ते काऊन?"

तिचं बोट थांबलं.

"इकडं लक्ष द्या, बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागली.