ख्वांगमावशींची सॉसेजं

ख्वांगमावशींची सॉसेजं जप्त झाली तेव्हा त्या बाजारात मुळे घेत होत्या. परत आल्या तर गॅलरीतला बांबू रिकामा. अठरा सॉसेजं होती, तिरफळ आणि मिरची कुटून घातलेली, आठवडाभर वाऱ्यावर सुकत आलेली. आमच्या सिच्वान प्रांतातल्या हिवाळ्यात ऊन पडलं तर लोक कामावर दांडी मारतात, इतकं ते दुर्मीळ. त्या आठवड्यात चक्क तीन दिवस पडलं होतं.

आम्हाला दोन दिवस आधी कळवलं होतं म्हणा. 'सुसंस्कृत शहर' ठरवणारी तपासणी समिती येणार होती. रस्त्यावरून दिसेल असं काहीही गॅलरीत टांगायचं नाही, असा वस्ती-समितीचा हुकूम. समितीचा पेंग, चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, दारोदार फिरून सांगत होता.

"मावशी, चारच दिवस काढून ठेवा की."

"माझी चड्डी काढते. सॉसेजं राहतील."

"मावशी, वरून आदेश आहे!"

"मग वरच्यांना सांग, खाली येऊन माझ्याशी बोला."

शेवटी पेंगने दोन माणसं पाठवली. मावशींच्या सुनेने दार उघडलं आणि सॉसेजांच्या माळा गेल्या. त्याही प्लास्टिकच्या गोणीत! प्लास्टिकात अर्धवट सुकलेलं सॉसेज दोन दिवसांत बुळबुळीत होतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

दुपारी माजाँगच्या टेबलावर मावशींनी सोंगट्या अशा आपटल्या की माझा चहा सांडला. आम्ही चौघं रोज खेळतो: त्या, मी, माझा नवरा आणि लेई गुरुजी.

"मी महापौरांच्या तक्रारलाइनला फोन करणार," मावशी म्हणाल्या.

"कशाला?" गुरुजी म्हणाले.

"वरचे लोक चांगलेच आहेत हो. मधले हरामखोर आहेत."

"वरचे चांगले आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "वरच्यांनीच."

माझा नवरा इतका हसला की त्याच्या सोंगट्या उघड्या पडल्या. गुरुजी मात्र हसले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या भिंतीला गेलेल्या तड्यांबद्दल फोनवरून नेटवर चार ओळी टाकल्या होत्या. हजारो लोकांनी वाचल्या. मग दोन अतिशय नम्र गृहस्थ घरी आले, चहा प्यायले, मुलाची नोकरी कशी चाललीय ते विचारलं; मुलगा कुठल्या मजल्यावर बसतो तेही त्यांना माहीत होतं. ओळी गायब झाल्या. भिंत दुरुस्त झाली, हे खरं सांगायला हवं. गुरुजी काही दुरुस्त झाले नाहीत. तेव्हापासून ते फक्त शेवंतीचे फोटो टाकतात.

मावशींनी फोन केला. तक्रार महापौरांच्या कचेरीतून जिल्ह्याला गेली, जिल्ह्यातून वॉर्डात, वॉर्डातून वस्ती-समितीकडे, म्हणजे पेंगच्याच टेबलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो संत्र्यांची पिशवी आणि सॉसेजांची गोणी घेऊन दारात उभा. मजा बघायला आम्ही सगळे जमलो.

"मावशी, आज तुम्हाला फोन येईल. समाधानी आहात का, असं विचारतील. तुम्ही 'अतिशय समाधानी' म्हणा."

"नुसतं समाधानी चालेल?"

"नाही हो! त्यालाही गुण कापतात. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्याने 'बरं आहे' म्हटलं, तर मला तीन पानांचं आत्मपरीक्षण लिहावं लागलं."

"अरेरे. मग सॉसेजं गॅलरीत टांग."

"उद्या तपासणी आहे, मावशी!" पेंग अक्षरशः रडकुंडीला आला. "एकीकडे तुम्ही, एकीकडे ते. माझ्या बायकोने मासे वाळत घातले होते, तेही मीच काढले. तेव्हापासून बोलत नाहीये ती."

हे ऐकून मावशी जरा विरघळल्या. बराच वेळ घासाघीस झाली. अखेर वस्ती-समितीच्या सभागृहात टांगायचं ठरलं, खिडक्या उघड्या आणि दोन पंखे चालू ठेवून. मग मावशी म्हणाल्या, "फक्त माझी का? सगळ्यांची टांग." दुपारपर्यंत अकरा घरांची सॉसेजं, पेंगच्या बायकोचे मासे आणि एक अख्खं बदक 'जनतेची सेवा करा' या लाल फलकाखाली डुलत होतं. त्या सभागृहात जनतेसाठी पहिल्यांदाच काहीतरी झालं, असं माझा नवरा म्हणाला.

तिथेच, आम्ही सगळे असताना, फोन आला. मावशींनी स्पीकर लावला. पेंग हात जोडून समोर.

"आपण समाधानी आहात का?" मुलीचा गोड आवाज.

"अतिशय," मावशी म्हणाल्या.

पेंगने कपाळ पुसलं.

"आणखी काही सूचना?"

मावशी रंगात आल्या होत्या. "आहे ना! आमच्या वस्तीत एक गुरुजी आहेत, त्यांनी नऊ वर्षांपूर्वी—"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. पेंग फरशीकडे बघत राहिला. पंखे घरघरत होते.

"आजी? गुरुजींचं काय?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "छान फोटो काढतात."

तपासणी समिती आमच्या गल्लीत आलीच नाही. शहराला किताब मिळाला. सॉसेजं नीट सुकली, सभागृहातल्या फिनाइलचा थोडा वास लागला एवढंच. पेंगलाही पूर्ण गुण मिळाले.

मावशी मात्र आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. आम्ही समजलो, वासामुळे. मग एका दुपारी डाव अर्धा टाकून त्या उठल्या, गॅलरीचं दार लावलं, आमच्या चौघांचे फोन गोळा करून आतल्या खोलीत तांदळाच्या पिंपात खुपसले आणि झाकण लावलं.

"हं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फोनवर तुम्ही काय बोलला असता, ते आम्हाला सांगा."

गुरुजींनी एकदा बंद दाराकडे बघितलं. मग बोलायला लागले. चांगला तासभर बोलले, मधे दोनदा टेबलावर मूठ आपटली, एकदा रडले. नऊ वर्षांत त्यांचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता. मावशी त्यांना संत्री सोलून देत होत्या.

काय बोलले ते मी सांगणार नाही. मलाही याच वस्तीत राहायचंय.