पेटीवरचा मासा

"चित्रं सुंदर आहेत, योगिनी. पण ही पदवी संशोधनाची आहे. तुमचा प्रश्न कुठाय?"

मुलाखत घेणाऱ्या कॉलेजच्या मॅडम मोबाइलवरून एवढंच म्हणाल्या. सोमवारी पुन्हा मुलाखत, तोवर आराखडा नव्यानं लिहायचा. योगिनीनं आंब्याच्या पेट्यांवरच्या छापांची पानभर थोरवी गायली होती. निवडक कामं जोडली, शिफारशी जोडल्या. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या, प्रश्न तेवढा राहिला. आणि त्याच्याशिवाय प्रवेश नाही.

अंगणात तिचे बाबा, गंगाराम, पेट्या ठोकत होते. पावस गावातल्या बागायतदारांच्या पेट्या तेच करत आणि पत्र्याच्या साच्यानं ज्याचा त्याचा छापही तेच मारत. पलीकडे आई पेंढा झाडत गुणगुणत होती.

तेवढ्यात बागवाले कमालभाई आले. "गंगारामभाऊ, यंदा माझ्या पेट्यांवर जुना मासाच मारा हां. लेकीनं काढलेलं फूल नको."

"का, चाचा?" योगिनीनं विचारलं.

"मलाच विचारतेस, बाय? गेल्या साली मुंबईच्या बाजारात ते फूल बघून हमालाला वाटलं, पेटीवर कोणी पान खाऊन थुंकलंय! दुपारपर्यंत माझा माल सापडला नाय."

हसू दाबता दाबता बाबांनी खिळा वाकडा ठोकला.

ते फूल योगिनीचं सगळ्यात लाडकं काम. पण बाजारात फसलेलं, म्हणून अर्जात तिनं तेच लपवलं होतं.

"मग मासा कसा सापडतो?" ती चिडून म्हणाली.

"सापडतो!"

"बाबा, तुम्ही सांगा."

"मला काय ठाऊक गो? आजोबानं तसा कापलान, मी तसाच कापतो."

तिनं एक फुलाची, एक माशाची पेटी उचलली, कुंपणाच्या गडग्यावर शेजारी शेजारी मांडली आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरत पार वळणापर्यंत गेली. मागं वळून पाहिलं. फुलाचा नुसता डाग झाला होता. मासा मात्र मासाच, ओबडधोबड, एक डोळा मोठा असलेला. परत येऊन तिनं पेट्या उलट्या ठेवल्या, अर्ध्यावर गोणपाट टाकलं, पुन्हा वळण गाठलं. नुसतं शेपूट दिसत होतं, तरी मासा!

वाऱ्यावर आईची ओवी आली:

लेक येते माहेराला, अजून ती वळणावर
माय ओळखते तिला, नुसत्या तिच्या चालीवर

ओवी लहानपणापासून कानातली. योगिनी वळणावरच उभी राहिली, उन्हात, अनवाणी.

सोमवारी मोबाइलच्या पडद्यावर तिनं पहिलं चित्र दाखवलं ते त्या फुलाचं.

"हे माझं फसलेलं काम, मॅडम. गर्दीत, लांबून, न वाचता माणूस खूण ओळखतो, ती कशावरून? मासा सापडतो, फूल हरवतं. का, ते मला माहीत नाही. बाबांनाही नाही."

"शोधणार कसं?"

"हमालांबरोबर बाजारात उभी राहीन. साचे कापीन. फसतील, परत कापीन."

मॅडमनी खुर्ची मागं सरकवून तो डाग लांबून पाहिला.

"दोन वर्षं पुरतील?"

"आंब्याचे दोनच मोसम मिळतील. पुरवीन."

"मग राहायची सोय बघून ठेवा," मॅडम हसल्या. "पत्र येईलच."

फोन ठेवून ती अंगणात धावली. "बाबा, पत्र्याची कात्री द्या!"

"आता कोणाचा छाप?"

"चाचांचंच फूल. लांबून दिसेल असं."

बाबांनी कात्री पुढं केली, पण सोडली नाही.

"आधी एकाच पेटीवर मार हां," ते म्हणाले. "एकाच."