एकच डबा होता तोवर

नाक दाबू नका, मी बोलतोय. कचऱ्याचा डबा. माझं झाकण उघडताना तुम्ही नेहमी तोंड फिरवता, त्यामुळे आपली ओळख नाही.

जन्माने मी कचऱ्याचा नव्हे. छापखान्यातल्या शाईचा पत्र्याचा डबा मी. माझे मालक तिथे शिशाची अक्षरं जुळवायचे. छापून झालं की तीच अक्षरं सुटी करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची, हेही काम त्यांचंच. गप्पा मारता मारता, खाली न बघता टाकायचे. तरी एक अक्षर कधी शेजारच्या खणात गेलं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी मला घासूनपुसून घरी आणलं, झाकणाला मूठ बसवली आणि ओट्याखाली जागा दिली. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

पुढची कितीतरी वर्षं मी एकटाच होतो. साली, रद्दी, फुटकी कपबशी, सगळं माझ्यात. पाहुण्यांची पाठ वळली की त्यांनी आणलेली भेटही माझ्यात. मी कधी चहाडी केली नाही. आणि खरं सांगतो, एकच डबा होता तोवर कुणाला चुकताच येत नव्हतं.

मग इमारतीत सुधारणा आली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सुक्यासाठी निळा डबा, ओल्यासाठी हिरवा. मालकांनी मोठ्या हौसेने मला निळा रंग फासला आणि माझ्या शेजारी एक प्लास्टिकचा हिरवा आणून बसवला. सावत्र भाऊच म्हणा. रोज सकाळी डबे दाराबाहेर ठेवायचे, गाडी यायच्या आधी इमारतीच्या सेक्रेटरीबाई झाकणं उघडून बघणार, आणि चूक दिसली की दारावर लाल चिठ्ठी डकवणार. नाकाने कांदे सोलणारी बाई ती. दुसऱ्याच्या डब्यात डोकवायला मिळालं, मग काय विचारता!

आमच्या दारावर पहिल्याच आठवड्यात लाल चिठ्ठी लागली. माझ्यात भाताचं खरकटं होतं आणि हिरव्यात वर्तमानपत्र. मालकीणबाई चकित झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मालक चष्मा घालून शांतपणे संत्रं सोलत बसले होते. सोलून झालं, उठले, चष्मा काढून माझ्यात टाकला आणि साल चष्म्याच्या घरात ठेवून ते खटकन मिटलं.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मालक आत गेले तशा ओट्याशी आल्या आणि माझ्यातून चष्मा काढून घेतला.

त्या दिवसापासून त्यांचा नेम ठरला. मालक अंघोळीला गेले की ओट्यासमोर बसायचं, दोन्ही डबे उपसायचे, चुकलेलं जिथलं तिथे करायचं. चष्मा रोज निघायचा. तो धुवायचा, पदराला पुसायचा आणि त्यांच्या उशाशी ठेवायचा. मालक बाहेर येऊन म्हणायचे, बघ, माझा चष्मा कसा जागच्या जागी असतो. त्या म्हणायच्या, तुमची शिस्तच तशी आहे हो.

हे सगळं कशासाठी, तर दोघांना एकत्र राहू द्यावं यासाठी. मुलीचं घर लांब, मुलाचं त्याहून लांब, दोन्ही घरं इवलीशी. मालकांचं असं झालंय हे कळलं तर आपली ताटातूट होणार, हे मालकीणबाई पुरतं ओळखून होत्या.

पण रोज कसं जमणार? कधी गुडघे धरायचे, कधी मालक लवकर उठायचे. की लागलीच चिठ्ठी. सेक्रेटरीबाईंनी जाब विचारला तेव्हा मालकीणबाईंनी सारं अंगावर घेतलं. डोळ्यांनी धड दिसत नाही, डोकंही चालत नाही हल्ली, माझंच चुकतं, म्हणाल्या. एकदा मालकांनी शेगडी चालूच ठेवली होती, तेही आपल्याच नावावर घेतलं. इतकं झकास खोटं बोलल्या की मलासुद्धा क्षणभर पटलं.

सेक्रेटरीबाईंनी तत्परतेने मुलीला फोन केला. मुलगी आली. वाईट नाही हो ती, घाबरलेली होती. भावाशी बोलून तिने ठरवूनच टाकलं. आईच्या भरवशावर घर ठेवायचं नाही. बाबांना ती नेणार, आईला भाऊ नेणार, दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाकडेच नाही.

तेव्हा मालकीणबाईंनी पहिल्यांदा खरं सांगितलं.

"चुका माझ्या नव्हत्या गं. त्यांच्या आहेत. मी रोज मागून निवडते."

मुलगी हळूच म्हणाली, "आई, निदान आता तरी बाबांवर ढकलू नकोस." आणि वर्तमानपत्र उचलून तिने मालकांना विचारलं, "बाबा, हे कशात टाकायचं?"

"निळ्यात," मालक हसून म्हणाले. "एवढं कळत नाही का तुला?"

आणि काय सांगू, मालकीणबाईंचा चेहरा उजळला! सगळं हरल्या होत्या, पण नवऱ्याचं उत्तर बरोबर आलं ना, याचंच कौतुक. मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला नुसतं झाकण आहे.

काल मुलगा येऊन मालकीणबाईंना घेऊन गेला. जाताना त्या मला घासायला बसल्या होत्या, तिथूनच त्यांना उठवलं.

आज सकाळी मालकांची पिशवी भरून झाली आणि चष्मा सापडेना. मुलीने गादी उलटली, कपाट उपसलं, माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आईनेच कुठेतरी टाकला असणार, असं पुटपुटली.

मालक म्हणाले, "तिला विचार. तिला सापडतो रोज."

"नवीन करू, बाबा. चला."

निघताना मुलीने मला दाराबाहेर ठेवलं. भिंतीला धरून, पायरी चाचपत मालक जिना उतरले. माणूस दिसेनासा झाला तरी हाताचा आवाज बराच वेळ येत होता.

मी आता दाराबाहेर आहे. आत्ताच सेक्रेटरीबाई झाकण उघडून बघून गेल्या. वर वर्तमानपत्र, त्याखाली रिकामी पाकिटं, सगळं कसं कोरडं. चला, एकदाचे सुधारले म्हणायचे हे लोक, म्हणाल्या आणि दारावरची लाल चिठ्ठी काढून टाकली. बरोबरच आहे बाईंचं. चष्मा सुक्यातच मोडतो.

गाडीचा भोंगा ऐकू येतोय. अहो, तुम्ही कुणी जिन्यावरून जात असाल तर जरा थांबा. वर्तमानपत्राच्या खाली आहे तो. घाण लागणार नाही हाताला, मी कोरडा आहे. हात घाला.